दिवस भरले, हे कोण ठरवतं?

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं जन्माला येतात. बाकीची आठवडाभर आधी, आठवडाभर नंतर, काही त्याहूनही मागेपुढे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजायचे हा हिशेब जर्मन डॉक्टर नेगेले यांच्या नावाने ओळखला जातो, आणि सोनोग्राफी आल्यावरही तो टिकून आहे. पण तो सरासरीचा हिशेब. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, ज्यांचं बीज नेमकं कोणत्या दिवशी सुटलं हे लघवीतल्या हार्मोन्सवरून माहीत होतं. पाळीची तारीख चुकीची सांगितली असेल, या शंकेला जागाच नव्हती. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं वगळूनही सगळ्यात लवकर आणि सगळ्यात उशिरा झालेल्या बाळंतपणांत ३७ दिवसांचं अंतर निघालं. पाच आठवड्यांहून जास्त!

शहरात या अंतराचं फार बिघडत नाही. चंदगडमध्ये बिघडतं. कोल्हापूर जिल्ह्याचा हा अगदी दक्षिणेचा तालुका. एका अंगाला बेळगाव, दुसऱ्या अंगाला कोकण आणि गोव्याकडे उतरणारे घाट. कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पलीकडे, बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. त्यामुळे अडलेल्या बाईला घेऊन गाडी निघाली की ती बहुधा पाटणे फाटा, शिनोळी करत बेळगावच्या दिशेने सुटते. जुलै-ऑगस्टमध्ये पारगड-तिलारीच्या पट्ट्यात पाऊस दिवसचे दिवस थांबत नाही, ओढ्यांवरचे फरशी पूल पाण्याखाली जातात, कोवाडच्या बाजारपेठेत ताम्रपर्णी शिरते. अशा दिवसांत ‘तारीख दिलीय’ या शब्दांवर विसंबून घरी बसणं परवडत नाही. त्यात आपोआप सुरू होणाऱ्या कळा दिवसापेक्षा रात्री जास्त सुरू होतात, हे जगभरच्या नोंदींत दिसलेलं आहे. म्हणून ज्या घरांना जमतं ती घरं नववा लागला की पोरीला रस्त्यालगतच्या पाहुण्यांकडे आणून ठेवतात.

मग तो दिवस ठरवतं कोण? आई नाही, हे तर उघडच आहे. डॉक्टर नाही. पंचांग तर नाहीच. उत्तर शोधायचं तर वारेपासून सुरुवात करावी लागते. बाळंतपण उरकलं की घरी पुरली जाणारी, दवाखान्यात पिवळ्या पिशवीत टाकली जाणारी आणि लगेच विसरली जाणारी वार.

वार आईची, असा आपला सर्वसाधारण समज असतो. ती बाळाची असते. फलित झालेल्या बीजाच्या पेशींचे पहिल्या काही दिवसांतच दोन गट पडतात. आतल्या गटाचं बाळ होतं, बाहेरच्या गटाची वार. बाळ आपला एक अवयव शरीराबाहेर वाढवतं आणि तो आईच्या पिशवीत रुजवतं, असं म्हटलं तरी चालेल. साधारण सहाव्या-सातव्या दिवशी हा इवलासा गोळा गर्भपिशवीच्या अस्तरात शिरू लागतो आणि त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचं हार्मोन सोडतात. मेडिकलमधून आणलेल्या पट्टीवर दोन रेषा उमटतात त्या याच हार्मोनमुळे. पण ते काही आपल्याला बातमी देण्यासाठी तयार होत नाही. त्याचा निरोप असतो अंडाशयाला. बीज सुटून गेल्यावर अंडाशयात एक पिवळसर गोळा उरतो, त्याला पीतपिंड म्हणतात. तो प्रोजेस्टेरॉन तयार करतो. एरवी दोन आठवड्यांत तो सुकतो, प्रोजेस्टेरॉन घटतं आणि पाळी येते. एचसीजीचा निरोप मिळाला की तो सुकत नाही. सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास वार स्वतःच पुरेसं प्रोजेस्टेरॉन बनवू लागते, आणि त्यानंतर अंडाशय काढून टाकावं लागलं तरी गरोदरपण टिकू शकतं.

या प्रोजेस्टेरॉनचं काम एका शब्दात सांगायचं तर शांतता. गर्भपिशवी हा स्नायू आहे, आणि आत काही वाढू लागलं की आवळून ते बाहेर ढकलणं हा असल्या स्नायूचा धर्म. नऊ महिने त्याला गप्प ठेवावं लागतं. प्रोजेस्टेरॉन ते करतं, फक्त त्याचा हात जरा सैल आहे. पिशवीबरोबर ते जठराच्या तोंडाचा आणि आतड्यांचा स्नायूही ढिला करतं. आंबट ढेकर, छातीत जळजळ, बद्धकोष्ठता, गरोदर बाईच्या या नेहमीच्या तक्रारींमागे बऱ्याच अंशी हेच असतं. बाळाचे केस दाट आहेत म्हणून जळजळतंय, हे मात्र खरं कारण नव्हे.

बाळ घडण्याचा सगळ्यात नाजूक काळ बाईला दिवस गेल्याचं कळायच्या आसपासच उलटून जातो, ही गोष्ट मला कायम अस्वस्थ करते. गर्भधारणेनंतर साधारण २२व्या दिवशी हृदयाची नळी धडधडू लागते. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतात, ती २८व्या दिवसापर्यंत मिटलेली असावी लागते. तेव्हा पाळी चुकून दोन आठवडे झालेले असतात, आणि खेड्यात तेवढ्यावर कुणी दवाखाना गाठत नाही. नळी नीट मिटायला फॉलिक ॲसिड हवं असतं. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवून आशाताईंकडून गोळ्या घेतल्या, तर त्या पुढच्या रक्तवाढीला उपयोगी पडतात. मज्जारज्जूसाठी मात्र त्या दिवस राहण्याच्या आधीपासून चालू असायला हव्यात. आठव्या आठवड्यात गर्भ सुमारे तीन सेंटिमीटरचा असतो आणि बहुतेक अवयवांची मांडणी झालेली असते. पुढचे सात महिने वाढीचे. पहिलटकरणीला विसाव्या आठवड्याच्या आसपास हालचाल जाणवते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. २४व्या आठवड्यात वजन सहाशे ग्रॅमच्या घरात, २८व्या आठवड्यात एक किलो, आणि उरलेल्या बारा आठवड्यांत त्याचं अडीच-तीन किलो.

हे अडीच की तीन, याचा अभ्यास आपल्याच खेड्यांत झाला आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत लग्न झालेल्या स्त्रियांच्या गरोदरपणाआधीपासून नोंदी ठेवल्या. तिथल्या बाळांचं सरासरी वजन निघालं सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीनच्या आसपास असतं. त्याहून मोलाचं म्हणजे आपली बाळं हडकुळी दिसत असली, तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. पुढे आयुष्यात मधुमेहाकडे झुकणारी ही ठेवण पोटातच ठरते, हा विचार या अभ्यासातून बळकट झाला. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध ज्या स्त्रियांच्या खाण्यात जास्त वेळा होतं, त्यांची बाळं अंगाने बरी होती. आणि ज्यांना शेतातली व घरातली कष्टाची कामं जास्त पडत होती, त्यांची लहान. चंदगडमध्ये हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. रोप लावणीत दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या बायकांत एखादी पाच-सहा महिन्यांची गरोदर असतेच. नाचणी आहे, माळावरची भाजी आहे, रताळी आहेत. नसते ती विश्रांती, आणि विश्रांतीची गोळी कुठल्या उपकेंद्रात मिळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. सातव्या-आठव्या महिन्यात पोटात एक विलक्षण भागीदारी चालू असते. वारेला इस्ट्रोजेन हे हार्मोन मोठ्या प्रमाणावर बनवायचं असतं, पण प्रोजेस्टेरॉनपासून इस्ट्रोजेनपर्यंत जाण्यासाठी लागणारं एक विकर तिच्याकडे नाही. ते बाळाच्या अधिवृक्क ग्रंथीत, म्हणजे मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीत असतं. बाळाच्या या ग्रंथी शरीराच्या मानाने मोठ्या माणसाच्या कितीतरी पट मोठ्या असतात, आणि त्यांचा बराचसा भाग जन्मानंतर काही महिन्यांत आक्रसून नाहीसा होतो. त्या भागाचं मुख्य काम एवढंच, की वारेला इस्ट्रोजेनसाठी कच्चा माल पुरवायचा. कच्चा माल बाळाचा, पक्का माल वारेचा आणि परिणाम आईच्या पिशवीवर. काही मुलग्यांच्या वारेत हा कच्चा माल सोडवून घेणारं विकर जन्मतःच नसतं. तेव्हा इस्ट्रोजेन फारच कमी बनतं, कळा वेळेवर सुरू होत नाहीत, पिशवीचं तोंड मऊ पडत नाही. बाळ एरवी धडधाकट असतं. पुढे त्याची त्वचा खवल्यांसारखी कोरडी होते आणि मग बाळंतपण का लांबलं होतं याचा उलगडा होतो.

बाळाचा या कामात हात असतो, हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते मेंढ्यांत. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात काही मेंढ्यांचे दिवस उलटून जायचे तरी त्या व्यायच्या नाहीत, आणि शेवटी निघालेली कोकरं कपाळावर एकच डोळा असलेली, मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीत बिघाड असलेली असायची. दोष एका रानटी वनस्पतीचा होता, जी मेंढ्यांनी गाभण राहिल्यावर ठरावीक दिवशी खाल्लेली असायची. न्यूझीलंडचे डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात याच धाग्यावर प्रयोग केले. पोटातल्या कोकराची पियुषिका निकामी केली तर मेंढी वेळेवर वीत नाही; उलट कोकराला कॉर्टिसोल दिलं तर ती दिवस भरायच्या आधीच विते. म्हणजे मेंढीत व्यायची वेळ कोकरू ठरवतं, स्वतःच्या कॉर्टिसोलने.

या प्रयोगांत लिगिन्स यांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. फार लवकर जन्मलेलं, जगायलाच नको असं एक कोकरू श्वास घेत होतं. कॉर्टिसोलने कळाच नव्हे तर फुप्फुसंही पिकवली होती. फुप्फुसाच्या बारीक पिशव्या श्वास सोडल्यावर एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आतून एक निसरडा थर लागतो. माणसाच्या बाळात तो २४व्या आठवड्यापासून बनू लागतो आणि ३४व्या आठवड्याच्या पुढे पुरेसा होतो. १९७२ मध्ये लिगिन्स आणि त्यांचे सहकारी हॉवी यांनी अपुऱ्या दिवसांत बाळंत होऊ घातलेल्या स्त्रियांना स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन पाहिली आणि बाळांचे श्वासाचे त्रास व मृत्यू दोन्ही घटले. आज ग्रामीण रुग्णालयातून मोठ्या दवाखान्यात पाठवताना सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईला हे इंजेक्शन देतात, त्याचं मूळ त्या मेंढ्यांच्या कळपात आहे.

माणसात मात्र कारभार थोडा वेगळा. मेंढीत कॉर्टिसोल वाढलं की प्रोजेस्टेरॉन धाडकन उतरतं. बाईच्या रक्तात ते कळा सुरू होईपर्यंत, अगदी वार पडेपर्यंत भरपूर असतं. बरीच वर्षं हे कोडंच होतं. सध्याचं उत्तर असं की हार्मोन तेवढंच राहतं, पिशवी त्याचं ऐकेनाशी होते. स्नायूंच्या पेशींत प्रोजेस्टेरॉनचा निरोप घेणारे ग्राहक दोन प्रकारचे असतात. शेवटी-शेवटी त्यांचं आपसातलं प्रमाण बदलतं आणि शांततेचा हुकूम पाळला जात नाही. वेळ मोजण्याचं काम वारेकडे दिसतं. ती सीआरएच नावाचं हार्मोन सोडते. एरवी हे मेंदूत बनतं आणि ताणाच्या वेळी कामाला येतं. मेंदूत कॉर्टिसोल वाढलं की सीआरएच कमी होतं. वारेत उलटं, कॉर्टिसोलने ते आणखी वाढतं. वाढता वाढता शेवटच्या आठवड्यांत त्याचा आलेख सरळ वर चढतो. ऑस्ट्रेलियात रॉजर स्मिथ यांच्या गटाने सुमारे पाचशे गरोदर स्त्रियांच्या रक्तात हे मोजलं आणि १९९५ मध्ये लिहिलं की पाचव्या महिन्याच्या आसपासच, कोण लवकर बाळंत होणार आणि कोण उशिरा, यांच्या पातळ्यांत फरक दिसतो. त्यांनी याला वारेचं घड्याळ म्हटलं. एकेका बाईची तारीख सांगण्याइतकं ते घड्याळ अजून कुणाला वाचता आलेलं नाही. पण दोन सख्ख्या बहिणींना एकच तारीख मिळूनही त्या तीन आठवड्यांच्या फरकाने बाळंत का होतात, याचा थोडा अंदाज त्यावरून येतो.

इस्ट्रोजेन आता जोरात. त्याच्या प्रभावाखाली पिशवीच्या स्नायूंच्या पेशींमध्ये जोडमार्ग तयार होतात, त्यामुळे आतापर्यंत सुट्या-सुट्या आवळणाऱ्या पेशी एकदम आवळू लागतात. शेवटच्या महिन्यात मधूनच पोट कडक होऊन सुटतं, त्या ‘खोट्या’ कळा. जोडमार्ग पुरते तयार झाले की खऱ्या. कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिन या हार्मोनचे ग्राहक या काळात शंभर पटीहून जास्त वाढतात. हे लक्षात घेण्याजोगं आहे, कारण कळा सुरू होताना रक्तातलं ऑक्सिटोसिन फारसं वाढलेलं नसतं. तेवढ्याच हार्मोनला पिशवी कितीतरी जास्त दाद देऊ लागते. सहाव्या महिन्यात ऑक्सिटोसिनचं सलाइन लावून कळा आणणं कठीण आणि नवव्यात सोपं, त्याचं कारण हेच.

पिशवीचं तोंड ही स्वतंत्र गोष्ट आहे. ते स्नायूपेक्षा चिवट तंतूंचं बनलेलं असतं. नऊ महिने नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट राहून शेवटी ओठासारखं मऊ व्हावं लागतं, हे शिकाऊ नर्सला बोट लावून शिकवतात. हे मऊ करण्याचं काम मुख्यतः प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं करतात. तोंड कच्चं असताना नुसतं कळांचं सलाइन लावलं तर बाई बारा-बारा तास कळा सोसते आणि तोंड काही उघडत नाही. म्हणून आधी प्रोस्टाग्लँडिनचं जेल ठेवतात, मग सलाइन.

कधी याच्या उलट होतं. कळा नाहीत, काही नाही, आणि पाचव्या महिन्यात तोंड आपोआप उघडतं, गर्भ गळून पडतो. पुन्हा पुन्हा असं झालेल्या स्त्रियांना पूर्वी नशिबाला बोल लावण्याशिवाय इलाज नव्हता. गोव्यातल्या शिरोडा गावी १८९९ मध्ये जन्मलेले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी पिशवीच्या तोंडाभोवती टाका घालण्याची शस्त्रक्रिया बसवली आणि १९५५ मध्ये ती प्रसिद्ध केली. सुरुवातीला त्यांनी बांधायला रुग्णाच्याच मांडीतल्या पडद्याची पट्टी वापरली होती. ३७व्या आठवड्याच्या सुमारास टाका काढायचा आणि पुढचं शरीरावर सोपवायचं. जगभरच्या पुस्तकांत त्याला शिरोडकर टाका म्हणतात. चंदगडच्या घाटाखाली गोवा आहे, पण त्या टाक्याचं नाव या माणसाच्या गावावरून आलं हे इकडे फार कुणाला माहीत नसतं.

एकदा कळा लागल्या की मात्र थांबण्याची सोय उरत नाही. बाळाचं डोकं तोंडावर दाबलं जातं, तो दाब नसांवाटे मेंदूला कळतो, पियुषिका ऑक्सिटोसिन सोडते, पिशवी आवळते, डोकं आणखी दाबलं जातं. शरीरातली बहुतेक व्यवस्था अती झालं की मागे खेचणारी असते. ही पुढे ढकलणारी, आणि बाळ बाहेर पडल्यावरच ती तुटते. अडथळा आणू शकतं ते अ‍ॅड्रिनलिन. घाबरलेल्या बाईच्या कळा मंदावतात. गाय-म्हैस वेताना भोवती गर्दी करू नये हे गोठ्यात सगळे पाळतात. दवाखान्यात बाईला मात्र अनोळखी लोकांत एकटं झोपवतात. ओळखीची बाई पूर्ण वेळ शेजारी असली तर बाळंतपण थोडं लवकर होतं आणि सिझर कमी लागतात, असं बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. जुन्या सुईणीच्या हातात औषध फारसं नव्हतं, पण ही एक गोष्ट होती.

बाळालाही हा ताण हवा असतो. कळा सोसताना त्याच्या रक्तात अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची हार्मोन्स इतकी वाढतात की मोठ्या माणसाला घाम फुटावा. त्यांच्यामुळे फुप्फुसात भरलेलं पाणी शोषलं जाऊ लागतं आणि पहिल्या श्वासाला जागा होते. कळा सुरू होण्याआधीच, त्यातही ३९ आठवडे पुरे व्हायच्या आत सिझर केलं तर काही बाळं धाप लागल्यासारखा श्वास घेत राहतात, त्याचं हे कारण. मुहूर्त पाहून सिझरची वेळ मागणाऱ्यांनी निदान हा आकडा तरी पंचांगात लिहून ठेवावा.

बाळ रडलं की घरातल्यांच्या लेखी बाळंतपण झालं. खरा धोका तिथून पुढे असतो. दिवस भरलेल्या बाईच्या वारेकडे दर मिनिटाला अर्धा-पाऊण लिटर रक्त जात असतं. वार सुटली की त्या साऱ्या वाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्या बंद करते ती पिशवीच. तिच्या स्नायूंचे धागे आडवेतिडवे विणलेले असतात आणि वाहिन्या त्यांच्या मधून जातात. पिशवी दगडासारखी आवळली की वाहिन्या चिमटल्या जातात. ती ढिली राहिली तर अर्ध्या-एक तासात बाई हातची जाऊ शकते, आणि चंदगडच्या एखाद्या वाडीवरून बेळगाव तासाभरात गाठता येईलच असं नाही. म्हणून बाळ बाहेर आल्यावर मिनिटाभरात दंडात किंवा मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन देतात. नऊ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी व्हिन्सेंट दु विनियो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवली आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अडचण एकच, ती थंड ठेवावी लागते, दोन ते आठ अंशांत. जिथे पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते तिथे फ्रिजच्या भरवशावर किती राहायचं?

या अडचणीवरचं उत्तर चंदगडच्या सीमेपलीकडे, बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत तपासलं गेलं. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात १,६२० स्त्रियांवर हा अभ्यास केला. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात, करणाऱ्या साध्या एएनएम नर्सबाई. निम्म्या स्त्रियांना बाळ झाल्याबरोबर ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडाने, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. मिसोप्रोस्टॉल हे प्रोस्टाग्लँडिनचं कृत्रिम भावंड; मुळात जठराच्या व्रणासाठी काढलेलं, स्वस्त, फ्रिज न लागणारं. निकाल २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. अर्धा लिटर किंवा जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला, लिटरभराच्या वरचा १.२ वरून ०.२ वर. दर अठरा बायकांना गोळ्या दिल्या की एकीचा रक्तस्राव टळत होता. त्रास म्हणजे थोडी थंडी वाजणं आणि ताप. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी मिसोप्रोस्टॉल आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. या गोळ्या बाळ पूर्ण बाहेर आल्यावरच द्यायच्या असतात, पोटात दुसरं बाळ नाही ना हे बघून. आधी दिल्या तर पिशवी फाटू शकते. कळा वाढवायला घरी टोचलेल्या ऑक्सिटोसिनलाही हेच लागू.

त्या अभ्यासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट औषध नाहीच. रक्त किती गेलं हे नुसतं बघून सांगणारे जवळजवळ नेहमीच कमी सांगतात. कपड्यात मुरलेलं, पाण्यात मिसळलेलं धरलंच जात नाही. म्हणून बेळगावच्या आणि अमेरिकेतल्या या गटाने कमरेखाली अंथरायची एक प्लॅस्टिकची चादर बनवली, खाली निमुळती होत जाणारी पिशवी आणि तिच्यावर मापाच्या रेघा. आफ्रिकेतल्या चार देशांत ८० रुग्णालयांत दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर झालेल्या एका अभ्यासाचा निकाल २०२३ मध्ये आला. तिथे अशाच मापाच्या चादरीने रक्तस्राव वेळीच ओळखून सगळे उपचार एकदम सुरू केल्यावर गंभीर परिणाम साठ टक्क्यांनी घटले. दरम्यान उन्हाळ्यातही टिकणाऱ्या कार्बेटोसिन या औषधाची भारतासह दहा देशांत २९ हजारांहून जास्त स्त्रियांवर चाचणी झाली आणि २०१८ मध्ये ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचं ठरलं. रक्तस्रावासह सगळी कारणं धरून, २०१८–२० च्या नोंदींनुसार देशात दर लाख जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३.

वार पडल्यावर शेवटचं एक काम उरतं, दूध. दूध बनवायला सांगणारं प्रोलॅक्टिन नऊ महिने वाढतच असतं, पण प्रोजेस्टेरॉन त्याला अडवून धरतं. वार बाहेर पडली की प्रोजेस्टेरॉन काही दिवसांत ओसरतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छाती भरते. तोवर येतो तो चीक. म्हशीच्या चिकाचा खरवस शेजारी वाटून खाणाऱ्या घरांत बाईचा चीक मात्र ‘जड’ म्हणून पिळून टाकायचे, हे अजून काही आज्यांकडून ऐकायला मिळतं. पहिल्या तासात बाळाला छातीशी लावलं की त्याच्या ओढण्याने पुन्हा ऑक्सिटोसिन सुटतं, पिशवी आणखी आवळते, रक्तस्राव कमी होतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाळंतिणीला पाजताना ओटीपोटात कळ येते ती हीच. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण बाळंत होऊन चार-पाच दिवस उलटले, बाळ नीट ओढतंय, तरी दूध उतरत नाही आणि अंगावरून जाणंही कमी होत नाही, अशी तक्रार घेऊन कुणी आली, तर जाणती नर्सबाई दूध वाढवायच्या औषधांच्या नादी न लागता तिला आधी सोनोग्राफीला पाठवते, वारेचा एखादा तुकडा आत राहिलाय का ते बघायला.